सड्यावरचा जुना उन्हाळी बंगला : बागायतदारांची उन्हाळी गावं कोकणात होती का, घराचं वय कसं काढायचं, दुरुस्ती कुठून सुरू करायची?

सडाकातळ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात सड्यावरच्या (म्हणजे कातळाच्या पठारावरच्या) एका जुन्या बंगल्याची मोजमापं घेऊन नकाशे काढायचं काम हातात आहे. मालक दुरुस्तीला तयार आहेत. पण हात लावण्याआधी घर नीट समजून घ्यायचंय.

चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, जोतं अडीच फूट. मध्ये तीन खोल्या एका ओळीत, तिन्ही बाजूंनी आठ फुटी व्हरांडा. स्वयंपाकघर मागे सुटं, तिथवर कौलारू वाट. मुख्य छप्पर मंगलोरी कौलांचं, चांगलं उभट. व्हरांड्याचं पाखं (उतरतं छप्पर) वेगळं, वरच्या वळचणीच्या (छपराच्या खालच्या कडेच्या) दीड फूट खाली भिंतीला टेकलेलं आणि बरंच चापट. दोन पाख्यांच्या मधल्या भिंतीत लहान झरोके. कौलांच्या पोटात १८६५ हा आकडा उठावात आहे. गावात याला ‘बागायतदार साहेबाचा उन्हाळी बंगला’ म्हणतात.

प्रश्न तीन. पहिला : अमेरिकेत साउथ कॅरोलायनात भातमळेवाल्यांनी फक्त उन्हाळ्यात राहण्यासाठी गावंच्या गावं वसवली होती असं वाचलं. कोकणात तसं काही होतं का, की हा बंगला एकटाच आहे? दुसरा : १८६५ हे घराचं साल धरावं का? तिसरा : व्हरांड्याचं पाखं भिंतीला मिळतं तिथे दरवर्षी गळतं, आढं (छपराच्या माथ्याचं लाकूड) एका जागी मऊ लागतंय आणि आतल्या भिंतींचा खालचा तीन फूट सिमेंटचा गिलावा फुगून सुटलाय. आत्ता जानेवारी आहे. पावसाआधी काय काय उरकता येईल?

खलाटीवलाटी

पहिल्या प्रश्नाबद्दल, कारण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात.

कॅरोलायनातल्या त्या गावांचं मूळ कारण ताप. सँटी नदीच्या काठच्या भातखाचरांत उन्हाळाभर पाणी साचलेलं आणि मेपासून हिवतापाची साथ. म्हणून मळेवाले कुटुंबासह मेच्या सुमाराला निघायचे, थोड्या उंचीवरच्या, रेताड जमिनीच्या पाइन जंगलात जायचे आणि नोव्हेंबरात दव गोठायला लागेपर्यंत तिथेच राहायचे. पाइनविल हे त्यातलं सुरुवातीचं गाव, १७९४ चं. पिनोपोलिस १८३० च्या दशकातलं. पाइनच्या हवेने विषारी बाष्प शुद्ध होतं अशी त्यांची समजूत होती. खरी गोष्ट एवढीच की रेताड जमिनीत पाणी मुरतं, डबकी राहत नाहीत आणि डास कमी होतात. डासाचा आणि हिवतापाचा संबंध सिद्ध झाला १८९७ मध्ये, आपल्याकडे सिकंदराबादला, रोनाल्ड रॉसच्या हातून. म्हणजे शंभर वर्षं लोक चुकीच्या कारणाने बरोबर जागी जात होते. समरविलमध्ये तर १८४७ मध्येच परवानगीशिवाय ठरावीक आकाराची झाडं तोडायला बंदी आली आणि २५ डॉलर दंड ठरला, कारण झाड म्हणजे आरोग्य ही श्रद्धा. आणि हे लिहिल्याशिवाय त्या गावांचं वर्णन पुरं होत नाही : मालक वर पाइनच्या सावलीत असताना भातखाचरांत कमरेइतक्या चिखलात राबणारी गुलाम माणसं खालीच होती, त्याच तापात.

तिथली घरं मुद्दाम साधी ठेवलेली. मळ्यावरचा वाडा वेगळा, हे फक्त हंगामी. पाइनच्या फळ्यांच्या भिंती, विटांच्या बुटक्या खांबांवर उचललेली जमीन, खालून वारा खेळता, पुढे रुंद व्हरांडा, दीड मजला. पाइनविलमधून १८३० च्या दशकात तापाच्याच साथींमुळे लोक उठले आणि १८६५ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या शेवटी त्यातला बहुतेक भाग जळाला. पिनोपोलिस मात्र टिकलं. १९३९ ते १९४२ मध्ये धरण झालं तेव्हा खालचे मळे तलावात गेले, उंचावरचं हंगामी गाव भूशिरासारखं वर राहिलं.

आता कोकण. इथल्या बागायतदाराचं पंचांगच उलटं आहे. हापूसचा मोहोर डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्चअखेरपासून मे संपेपर्यंत. ज्या महिन्यात गारव्याला जावंसं वाटतं त्याच महिन्यात बागायतदाराला बागेतून हलता येत नाही. राखण, उतरवणी, पेट्या भरणं, सगळं एप्रिल-मेमध्ये. नारळी-पोफळीच्या आगरात तर शिंपणं ऐन उन्हाळ्यातलं. त्यामुळे ‘बागायतदारांचं उन्हाळी गाव’ कोकणात उभं राहायला जागाच नव्हती. आगरातलं घर हेच त्याचं बारमाही घर, आणि मांगर म्हणजे बागेतला निवारा, आराम करायचं ठिकाण नव्हे.

कोकणात जी उन्हाळी वस्ती झाली ती नोकरशाहीची आणि मुंबईकरांची. माथेरान हे ठळक उदाहरण. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये वर चढले, त्यानंतर बंगले उभे राहिले. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने नेरळपासून छोटी रेल्वे वर नेली आणि मग पारशी, बोहरी, गुजराती कुटुंबांचे बंगले वाढले. खाली आंबोली वेंगुर्ला–बेळगाव रस्त्यावरचा मुक्काम म्हणून वाढली. तिथे सावंतवाडी संस्थानातले इंग्रजांचे प्रतिनिधी (पोलिटिकल एजंट) उन्हाळ्यात जायचे. चहा-कॉफीच्या गोऱ्या मळेवाल्यांचा पट्टा कुर्ग, वायनाड, निलगिरीकडे, आपल्याकडे नाही.

म्हणून ‘बागायतदार साहेब’ हे नाव घराच्या पहिल्या मालकाचं असेलच असं नाही. पुढे बंगला ज्या बागायतदाराने विकत घेतला त्याचं ते असू शकतं. जुने फेरफार (जमिनीच्या मालकीबदलाच्या नोंदी) मागे मागे काढत जा. सात-बारावर थांबू नका, कारण ते नाव सापडतं तिथून मागे खरी गोष्ट सुरू होते.

आढंवासा

दापोलीपुरती एक भर. दापोली मुळात लष्करी छावणी, १८१८ ला दक्षिण कोकण इंग्रजांकडे आल्यावर बसवलेली. म्हणून अजून लोक ‘कॅम्प दापोली’ म्हणतात. १८४० च्या सुमारास मुख्य पलटणी हलल्या, पुढे काही वर्षं वयस्क शिपायांची तुकडी राहिली. तिथल्या जुन्या बंगल्यांचा आराखडा म्हणून छावणीच्या साच्यातला : मधोमध खोल्यांची ओळ, भोवती व्हरांडा, स्वयंपाकघर सुटं. तुमचं वर्णन तंतोतंत त्यात बसतं. कोकणातल्या घराचा क्रम निराळा. खळं, ओटी, माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि पडवी, सगळं एका छपराखाली आणि चूल आत. चूल बाहेर असणं हीच तुमच्या घराची खूण आहे. पुढे याला महत्त्व येईल.

आता १८६५. हे साल घराचं नाही. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशन या जर्मन-स्विस ख्रिस्ती मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला सुरू केला आणि स्थापनेचं साल साच्यात कोरलं. पुढे कित्येक वर्षं तोच आकडा कौलावर येत राहिला. अल्बुकर्क या दुसऱ्या कारखान्याच्या कौलांवर १८६८ दिसतं, तेही तसंच. कौलाचा आकडा एवढंच सांगतो की कौल त्या सालानंतरचं आहे. जास्त उपयोग आहे नावाचा. पहिल्या महायुद्धात बासेल मिशनचे कारखाने जर्मन-स्विस म्हणून जप्त झाले आणि नंतर ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. म्हणून ‘कॉमनवेल्थ’ शिक्क्याचं कौल १९१९ च्या नंतरचंच. छपरावर कॉमनवेल्थ एखाद-दुसरंच असेल तर ती डागडुजी. अख्खं पाखं तसं असेल तर छप्पर तेव्हा बदललंय.

छप्पर बदललं का, हे वाशांवर कळतं. जुनी नळ्यांची कौलं काढून मंगलोरी घातली असतील तर वाशांच्या माथ्यावर जुन्या, जवळजवळच्या रिपांच्या (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्यांच्या) खिळ्यांची भोकं राहतात आणि आताच्या रिपांशी ती जुळत नाहीत. माळ्यावर चढून बॅटरी तिरपी धरा, भोकं लगेच दिसतील. ती सापडली तर घर छपरापेक्षा जुनं. शिवाय कैच्यांचे (छपराच्या त्रिकोणी लाकडी सांगाड्यांचे) सांधे बघा : लाकडी खुंट्या आहेत, की चौकोनी अंगाचे हाताने ठोकलेले खिळे, की गोल तारेचे खिळे. गोल तारेचे म्हणजे काम उशिराचं. व्हरांड्याला लोखंडी तुळई असेल तर तिच्या अंगावर लोखंडाच्या कारखान्याचं नाव उठावात असतं. रंग खरवडून वाचा.

फोटो काढताना कौल सुटं काढून, उन्हात तिरपं धरून पोटाचा फोटो घ्या. आणि कुठलं कौल कुठल्या पाख्यावरचं हे खडूने लिहून ठेवा. हे नकाशासाठीच नाही, दुरुस्तीतही कामाला येईल.

सडाकातळ

खूप आभार. माळ्यावर बघितलं : जुन्या खिळ्यांची भोकं आहेत, साधारण वीतभर अंतराने. म्हणजे आधी नळे होते असं दिसतं. कौलं तीन नावांची निघाली, सरमिसळ लागलेली. व्हरांड्याच्या पाख्याचं माप घेतलं : आठ फुटांत तीन फूट उतार. मुख्य छपराचा बारा फुटांत साडेआठ.

पन्हाळपागोळी

या मापांवरूनच तुमची गळती सांगता येते.

मंगलोरी कौलाला उतार निदान दोनास एक हवा, म्हणजे दोन फूट आडवं गेल्यावर एक फूट खाली. कोकणच्या पावसाला ३० अंश बरा. मुख्य छप्पर सुमारे ३५ अंशांचं आहे, उत्तम. व्हरांडा आठास तीन, म्हणजे २० अंशांच्या आसपास. दोनास एक करायला आठ फुटांना चार फूट लागतात, तुमच्याकडे एक फूट कमी आहे. एवढ्या चापट पाख्यावर वाऱ्याबरोबर आलेलं पाणी कौलाच्या खाचेतून मागे चढतं. कौल शाबूत असूनही गळतं, ते यामुळे. दरवर्षी कौलं बदलून काही होणार नाही.

वर आणखी भर : मोठ्या पाख्याची पागोळी (वळचणीवरून गळणारं पाणी) सरळ व्हरांड्याच्या पाख्यावर पडतेय. हजार चौरस फुटांवर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे २३६० लिटर पाणी. दापोलीला वर्षाचा पाऊस साधारण साडेतीन हजार मिलिमीटर. ते सगळं दीड फुटावरून खालच्या कौलांच्या एकाच रांगेवर आपटतं.

उन्हाळी बंगला म्हणून याचं नाव पडलंय, पण याच्या छपराचा एकेक निर्णय पावसाने घेतलेला असायला हवा होता. मुख्य छप्पर तसं आहे. व्हरांडा मात्र झरोके मोकळे राहावेत म्हणून चापट केला, म्हणजे उन्हाळ्याच्या सोयीसाठी. बिघाड तिथेच.

उपाय तीन. व्हरांड्याची पुढची तुळई जोत्यापासून आठ फूट उंचीवर असेल तर खांब एक फूट उतरवून उतार दोनास एक करता येतो. माणूस वाकल्याशिवाय जाऊ शकत असेल तर हाच सर्वांत चांगला मार्ग. तुळई सातच फुटांवर असेल तर हे नको. वरचं टोक चढवलं तर झरोके बुजतात, तेही करू नका, ते का हे खाली कुणीतरी सांगेलच. मग उरतो तिसरा : कौलांखाली पत्रा. वाशांवर पत्रा, त्यावर उतारानेच जाणाऱ्या एक इंच जाडीच्या पट्ट्या, त्यावर आडव्या रिपा आणि मग कौलं. उभ्या पट्ट्या विसरलात तर आडव्या रिपेमागे पाणी आणि पाचोळा अडतो आणि रीप दोन-तीन पावसांत कुजते. बहुतेक ठिकाणी पत्रा घालूनही लाकूड सडतं ते याच चुकीने.

भिंतीला पाखं मिळतं तिथे पत्र्याची पट्टी : भिंतीवर नऊ इंच वर, कौलावर आठ इंच पुढे. वरची कड चिऱ्याच्या सांध्यात इंचभर खाच मारून आत वळवायची आणि चुन्याने बंद करायची. नुसती भिंतीवर चिकटवून वरून सिमेंट लावलं की पहिल्या उन्हात सुटते. वरच्या वळचणीला सहा इंची अर्धगोल पन्हाळ लावा, दहा फुटांना एक इंच उतार द्या आणि पाणी दोन्ही टोकांना थेट खाली उतरवा.

आता कौलं परतायचा क्रम. दोन्ही पाखी सारखी हलकी करत आढ्याकडून खाली उतरायचं. एक बाजू रिकामी आणि दुसरी भरलेली ठेवली तर जुनी कैची कलते. उतरवलेली कौलं वाशांवर रचू नका. शिक्क्याप्रमाणे तीन ढीग करा. हे फार महत्त्वाचं : वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांची खाच आणि कड एकमेकींत नीट बसत नाही, दिसायला सारखी असली तरी. एका पाख्यावर एकच शिक्का. सरमिसळ हेही तुमच्या गळतीचं एक कारण असणार.

प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत आवाज आला तर चांगलं, बद्द आला तर तडा. शंका असेल तर दिवसभर पाण्यात ठेवून वजन करा. पाचवा हिस्सा वजन वाढलं तर ते कौल बाजूला. हिशेब १०० चौरस फुटांना १५० कौलं, वर दहा टक्के फुटीचे.

रिपांचं अंतर कागदावरून घेऊ नका. जमिनीवर दहा कौलं एकात एक अडकवून मांडा. आधी ताणून माप घ्या, मग दाबून, दोन्हींची सरासरी काढून दहाने भागा. साडेबारा इंचांच्या आसपास येईल, पण प्रत्येक शिक्क्याचं थोडं वेगळं येतं आणि तो अर्धा इंच शेवटच्या रांगेला नडतो.

कोने (आढ्यावरची कौलं) बसवताना मसाला फक्त दोन्ही कडांखाली. आत पोकळ राहू द्या. कोन्याचं पोट सिमेंटने गच्च भरायची पद्धत पडलीय. ते कडक सिमेंट छपराबरोबर हलत नाही, केसभर चिरतं, पाणी आत शिरतं आणि गठ्ठा ओल धरून आढ्याला चिकटून बसतो. तुमचं आढं एकाच जागी मऊ आहे ना, त्याच्या बरोबर वरचा कोना काढून बघा. चुना एक, सुरखी (विटांची भुकटी) एक, वाळू दोन असा मसाला वापरा.

आढ्यात आरी टोचून मऊपणा किती खोल ते बघा. चौथ्या हिश्शाच्या आत असेल तर तासून, वाळवून औषध लावा. जास्त असेल तर तेवढा तुकडा काढून नवा सांधायचा. तिरका सांधा, लांबी लाकडाच्या उंचीच्या निदान तिप्पट, बोल्ट लावून, आणि सांधा कैचीच्या टेकूवर. दोन कैच्यांच्या मध्ये सांधा कधीच नको. लाकूड जुन्या जातीचंच, ऐन असेल तर ऐन, आणि वाळलेलं.

वळचणीच्या दोन रांगा आणि कडेच्या रांगा तारेने रिपेला बांधा. कौलाच्या पोटाला तारेसाठी भोक असलेली खुंटी असते. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात दापोली-मंडणगडकडे छपरं उचलली गेली ती वळचणीकडून सुरू होऊन. व्हरांड्यात वारा भरला की पाखं खालून उचललं जातं.

चुनाघाणी

भिंतीबद्दल. चिरा हा सच्छिद्र दगड. तो पाणी पितो आणि सोडतो, आणि सोडायला मिळालं की शंभर वर्षं काही होत नाही. सिमेंटचा गिलावा ते सोडणं बंद करतो. ओल वर चढत जाते, गिलाव्यामागे क्षार साचतात, त्यांचे खडे फुगतात आणि गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो. चिरा कमकुवत म्हणून हे झालेलं नाही.

आधी बाहेरून बघा. अंगण जोत्याच्या मूळ पातळीपेक्षा वर आलंय का? बहुतेक जुन्या घरांना माती, मग फरशी, मग वर पेव्हर ब्लॉक असं करत सहा-आठ इंच भर पडलेली असते. ती भर निदान तीन फूट रुंदीपर्यंत काढा. पागोळी पडते तिथे चिऱ्याच्या तुकड्यांचा चर करून उतार घरापासून दूर द्या. हे न करता आत कितीही महाग गिलावा केला तरी तो टिकणार नाही.

मग आत. सिमेंट गिलावा ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंत काढा. छिन्नी तिरपी धरा, चिऱ्याचा टवका निघू देऊ नका. सांधे इंचभर खोल कोरा. भिंतीवर पांढरा लोणा दिसेल तो कोरड्या ब्रशने झाडा. धुतलात तर क्षार परत आत जातात. मग तीन आठवडे नुसतं उघडं राहू द्या. लोणा परत आला तर परत झाडा.

चुना आत्ताच भिजवायला घ्या, कारण वेळ त्यालाच लागतो. कळीचा चुना पाण्यात टाकायचा, कळीवर पाणी ओतायचं नाही. उकळून उडतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. चष्मा आणि हातमोजे घालूनच काम. गाळून, वर चार बोटं पाणी ठेवून निदान पंधरा दिवस मुरवा, महिना असेल तर फार चांगला. लोण्यासारखा झाला पाहिजे, खडा राहिला तर तो भिंतीत गेल्यावर फुलतो आणि फोड येतात.

पहिला थर चुना एक, वाळू तीन, अर्धा इंच. वाळू नदीची. खाडीची किंवा समुद्राची वाळू आणलीत तर लोणा विकत आणल्यासारखं आहे. भिंत आधी ओली करा, नाहीतर चिरा मसाल्यातलं पाणी ओढून घेतो आणि गिलावा भुकटी होतो. दुसरा थर पाव इंच, चुना एक वाळू दोन, लाकडी थापीने दाबून. आठवडाभर गोणपाट ओलं ठेवून सावली द्या. गवंडी म्हणतील थोडं सिमेंट घालू, लवकर घट्ट होईल. घालू देऊ नका, ‘थोड्या’ सिमेंटनेही भिंतीचा श्वास कोंडतो. वरून चुन्याची सफेदी, तीन पातळ हात. ऑइलपेंट किंवा प्लास्टिक पेंट नको.

बाहेरच्या चिऱ्यांत पांढऱ्या चिकणमातीच्या शिरा असलेले काही खाऊन गेले असतील. तेवढेच काढून नवे बसवा. नवा चिरा खाणीतून आला की लगेच लावू नका, उघड्यावर राहिला की तो टणक होतो. एक पावसाळा खाल्लेला चिरा मिळाला तर त्यालाच पसंती द्या.

आढंवासा

वर झरोक्यांचा आणि बाहेरच्या चुलीचा विषय राहिला होता.

कोकणी घरात चूल आत. पावसाचे चार महिने तिचा धूर माळ्यावरून कौलांच्या फटींतून निघतो. लाकूड कोरडं राहतं, त्यावर काजळीचा थर चढतो, कीड लागत नाही. तुमच्या बंगल्यात चूल मुद्दाम बाहेर काढली, उन्हाळ्यात घर तापू नये म्हणून. वर तो जून ते सप्टेंबर बंद असायचा. म्हणजे घराला धूर नाही, वारा नाही, माणूस नाही, आणि बाहेर साडेतीन हजार मिलिमीटर. अशी घरं वापराने झिजत नाहीत, बंद राहून कुजतात.

झरोके हीच त्याला एकमेव तजवीज. गरम दमट हवा वर चढून तिथून जाते. बऱ्याच ठिकाणी पाली-पाखरं येतात म्हणून काचा ठोकून बंद केलेले दिसतात. उघडा, आणि बारीक जाळी लावा. पावसाळ्यात व्हरांड्याला झडीसाठी प्लास्टिक बांधत असाल तर भिंतीला चिकटवू नका. हातभर अंतर आणि खाली वीतभर फट. नारळाच्या झापांचे ताटवे जुने लोक लावायचे ते याच कारणाने चांगले, झड अडते आणि वारा येतो.

लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावण्याची जुनी रीत आहे आणि ती वाळवीवर खरंच चालते. मात्र हातमोजे पाहिजेतच, कातडी भाजते. जिथे हात लागतो तिथे, म्हणजे दारं आणि कठडे, तिथे नको. आतल्या कोरड्या लाकडाला बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं पाणी दोन हात पुरतं. महिन्यातून एकदा कुणीतरी दारं-खिडक्या दिवसभर उघडून जोत्याच्या चारी बाजूंना वाळवीच्या मातीच्या नळ्या चढल्यात का ते बघितलं पाहिजे. त्यासाठी जोत्याला टेकून लाकडं, कुंड्या, जुनी कौलं असं काही ठेवू नका.

पन्हाळपागोळी

वेळेचं गणित सांगतो, कारण त्यात पुष्कळांचं चुकतं. पाऊस ७ जूनला येतो म्हणून मेअखेर हातात आहे असं धरू नका. वळीव मेच्या मध्यावर कधीही येतो. २०२१ मध्ये तौक्ते वादळ १६-१७ मेलाच किनाऱ्याजवळून गेलं. आणि एप्रिल-मेमध्ये गडी मिळत नाहीत, सगळे आंब्यावर असतात. वर पहिल्या उत्तरात लिहिलंय तेच पंचांग तुमच्या दुरुस्तीलाही लागू आहे.

जानेवारीत चुना भिजवा आणि अंगणाची भर काढा. फेब्रुवारीत छप्पर, एका वेळी एकच भाग उघडून. त्याच वेळी आतला सिमेंट गिलावा काढून ठेवा, म्हणजे भिंती वाळत राहतील. मार्चमध्ये गिलावा, कोने, पन्हाळ. १५ एप्रिलला गवंडी आणि सुतार मोकळे झाले पाहिजेत.

आणि खांब उतरवायचे की पत्रा घालायचा, हे व्हरांड्याच्या तुळईची उंची कळल्याशिवाय ठरणार नाही. जोत्याच्या वरच्या पातळीपासून तुळईच्या खालच्या कडेपर्यंत, चारी कोपऱ्यांत मोजा. चारही माप सारखी येणार नाहीत, जो कोपरा बसलेला असेल तिथला खांब आधी बघावा लागेल.

सडाकातळ

मापं घेतली. तीन कोपऱ्यांत सात फूट दहा इंच, नैर्ऋत्येला सात फूट सात. त्या खांबाखालचा चिरा दबलाय, वरची पागोळी नेमकी तिथेच पडते. चुना उद्या भिजत घालतो.

पन्हाळपागोळी

तो खांब टेकू देऊन उचला, दबलेला चिरा काढून खाली कातळ लागेपर्यंत खणा आणि दोन थर चिरा चुन्यात बसवा. वर खांबाच्या बुडाशी काळ्या दगडाचं बैठं, म्हणजे लाकूड चिऱ्याला टेकणार नाही. चारी खांब एका पातळीत आल्यावर सात फूट दहा इंचांतून फूट उतरवलं तर सहा फूट दहा राहतात, वळचण त्याहूनही खाली येईल. पायऱ्यांसमोर डोकं लागेल. तुमच्याकडे पत्राच बरा, उभ्या पट्ट्यांसकट.